बाबांचा प्रोस्टेट कॅन्सर, सुरुवातीचा टप्पा : रेडिएशन घ्यावं का?

मीनल_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. माझे बाबा ६८ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून तपासणी केली तर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ८.६ आला. मग एमआरआय, मग बायोप्सी. बारा तुकड्यांपैकी चारांत कॅन्सर निघाला, ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक त्याचा आकडा, ३+४=७. गाठ प्रोस्टेटच्या आतच आहे, बाहेर पसरल्याचं काही दिसत नाही. शुगर आहे पण आटोक्यात आहे. चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.

धंतोलीतले युरॉलॉजिस्ट म्हणतात रोबोटिक ऑपरेशन करून मोकळे व्हा. रेडिएशनचे डॉक्टर म्हणतात वीस सिटिंगमध्ये काम होईल, चिरफाड नको. मोठे काका म्हणतात, हा कॅन्सर गोगलगायीच्या चालीनं वाढतो, हात लावू नका. तिघंही इतके ठाम आहेत की ऐकणाऱ्याची मती गुंग होते.

बाबा फक्त एवढंच म्हणतात, "तुम्ही ठरवा." आणि आई 'शेक' (रेडिएशन) हा शब्द ऐकला की रडते. तिच्या थोरल्या बहिणीला फार वर्षांपूर्वी कोबाल्टचा शेक दिला होता, छातीची कातडी पार काळी पडली होती, ते तिच्या डोळ्यासमोरून जात नाही.

ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांसाठी हा निर्णय घेतला त्यांनी कृपया लिहा. कशावरून ठरवलं? नागपुरात करावं की मुंबई गाठावी? डॉक्टरांना नेमकं काय विचारावं?

---

गोरेवाडा

बाबांना शुभेच्छा. एक गोष्ट आधी सांगतो : या टप्प्यावर पंधरा-वीस दिवस विचार केल्यानं काही बिघडत नाही. घाई करणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

---

धंतोली_आजोबा

पोरी, मी स्वतः घेतलं आहे म्हणून लिहून राहिलो. वय तेव्हा ७१. ग्लीसन माझाही ३+४ होता. वीस सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे चार आठवडे झाले.

आधी एक प्लॅनिंगचं सीटी स्कॅन होते. त्यात कमरेवर आणि ओटीपोटावर गोंदणाचे बारीक ठिपके देतात, रोज त्याच जागी निजवता यावं म्हणून. मग रोजचा नेम असा : पोट साफ करून जायचं, तिथं लघवी करून यायची, मग ठरलेलं पाणी प्यायचं आणि थांबायचं. मूत्राशय भरलेलं पाहिजे, गुदाशय रिकामं पाहिजे. ते जमलं नाही तं टेबलावरून उठवतात आणि पुन्हा थांबा म्हणतात. मशीनवर काहीच होत नाही बाप्पा. ना चटका, ना टोचणं. हात फिरल्यासारखं ते यंत्र भोवती फिरते, आवाज येते, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर.

खरी परीक्षा मशीन मधातच थांबते तेव्हा. आम्ही पाच म्हातारे बाकावर भरल्या मूत्राशयाने दरवाज्याकडे पाहत बसायचो, कोणी हसवलं तं बाकीचे हात जोडायचे. त्या बाकावरची दोस्ती अजून आहे.

त्रास सांगतो, लपवत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ, घाई. दुपारी थकवा. शौचाला चिकट पडायचं. संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी बरंच निवळलं. वर्षभराने शौचातून थोडं रक्त गेलं तेव्हा घाबरलो होतो. दुर्बिणीतून पाहिलं, शेकामुळे आतलं अस्तर नाजूक झालं म्हणाले. औषध घेतलं, थांबलं. तुझ्या बाबांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून हा मुद्दा डॉक्टरांना मुद्दाम विचार.

आज पीएसए ०.४ आहे. रोज सकाळी फुटाळा तलावापर्यंत चालतो.

---

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, विदर्भातच काम करते. मीनल, शस्त्रक्रिया की रेडिएशन यावर बोलण्याआधी बायोप्सीच्या स्लाइड्स दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या, शक्यतो ज्यांच्याकडे प्रोस्टेटचं काम नेहमी येतं अशांकडून. ग्लीसनमध्ये पहिला आकडा जास्त दिसणाऱ्या पेशीरचनेचा, दुसरा त्याखालोखालच्या रचनेचा. ३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज सातच, पण वागणूक वेगळी. ३+४ हा दुसऱ्या गटात मोडतो, ४+३ तिसऱ्या गटात, आणि उपचार त्याप्रमाणे बदलतात.

३+४ असेल तर '४' किती टक्के आहे हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असावं. पाच टक्के आणि चाळीस टक्के यांत फार अंतर आहे. नसेल लिहिलं तर विचारा. हे मागायला लाज वाटायचं कारण नाही. ब्लॉक (मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे) आणि स्लाइड्स पेशंटच्या हक्काच्या आहेत, कोणतीही चांगली लॅब त्या देते.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून, म्हणजे पीएसए दहाच्या आत, बारापैकी चार तुकडे, ३+४, हा मध्यम धोक्याचा पण त्यातल्या त्यात सौम्य प्रकार दिसतो. एमआरआयमध्ये गाठ एकाच बाजूला आहे का, ग्रंथीच्या कवचाला टेकली आहे का, तेही पाहा.

---

रामटेकची_सून

दुसरी बाजू मांडते. माझ्या यजमानांनी ५९व्या वर्षी ऑपरेशन निवडलं आणि आम्हाला ते योग्यच वाटतं. कारणं दोन. ऑपरेशननंतर संपूर्ण ग्रंथी तपासायला जाते, नेमकं किती आणि कुठवर होतं ते कळतं. आणि पुढे पीएसए वाढलाच तर रेडिएशनचा रस्ता खुला राहतो. उलट रेडिएशननंतर ऑपरेशन करायचं म्हटलं तर ते फार अवघड असतं, बरेच सर्जन हात लावत नाहीत.

पण जे सोसलं तेही सांगते. कॅथेटर (लघवीची नळी) निघाल्यावर कित्येक महिने पॅड लागले. खोकलं, हसलं, वाकलं की गळायचं. लग्नकार्याला जाणं त्यांनी बंद केलं होतं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम नेमाने केले, हळूहळू सुधारलं. आता प्रवासातच पॅड लागतो.

वय ५९, हृदय धडधाकट, हे आमच्या बाजूने होतं. तुझ्या बाबांना स्टेंट आहे. रोबोटिकमध्ये डोकं खाली, पाय वर असं बराच वेळ ठेवतात आणि पोटात गॅस भरतात, त्याचा हृदयावर ताण येतो. आधी हृदयाच्या डॉक्टरांचं मत घे, मग पुढची गोष्ट.

---

अंबाझरीचा_वारा

काकांना इतकं उडवून लावू नका. इंग्लंडमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला. ५० ते ६९ वयाचे, सुरुवातीच्या टप्प्याचे १६४३ पुरुष चिठ्ठी टाकल्याप्रमाणे तीन गटांत वाटले : फक्त लक्ष ठेवणं, ऑपरेशन, रेडिएशन. १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू लक्ष ठेवलेल्या गटात ३.१ टक्के, ऑपरेशनच्या गटात २.२ आणि रेडिएशनच्या गटात २.९. म्हणजे तिन्हींत जवळपास सारखेच. १०० पैकी सत्त्याण्णव जण या कॅन्सरने गेले नाहीत, मग काहीही निवडलेलं असो.

मी स्वतः लक्ष ठेवण्याच्या मार्गावर आहे. माझा ग्लीसन ३+३ आहे. ठरलेल्या वेळी पीएसए, अधूनमधून एमआरआय, गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी. बाकी आयुष्य जसंच्या तसं.

---

स्पष्टवक्ता

अंबाझरी, अर्धंच सांगितलंत. त्याच अभ्यासात कॅन्सर दूर पसरण्याचं प्रमाण लक्ष ठेवलेल्या गटात ९.४ टक्के, ऑपरेशनमध्ये ४.७ आणि रेडिएशनमध्ये ५.०. म्हणजे जवळजवळ दुप्पट. मृत्यू सारखे असले तरी हाडात पसरलेला कॅन्सर घेऊन, पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं घेत जगणं वेगळं. शिवाय लक्ष ठेवलेल्यांपैकी साधारण ६१ टक्क्यांनी पंधरा वर्षांत कधीतरी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच. आणि त्या अभ्यासातले बहुतेक जण तुमच्यासारखे ३+३ वाले होते. मीनलच्या बाबांचं ३+४ आहे.

आणखी एक. लक्ष ठेवायचं म्हणजे खरंच ठेवायचं. आपल्याकडे पहिल्या दोन तपासण्या होतात, मग दिवाळी, मग भाचीचं लग्न, मग धानाची कापणी, आणि तीन वर्षांनी माणूस पाठ दुखते म्हणून येतो. माझ्या मामांचं हेच झालं.

---

अंबाझरीचा_वारा

मान्य. माझं म्हणणं इतकंच की लक्ष ठेवणं हाही उपचाराचाच एक प्रकार आहे, हयगय नव्हे. ३+४ मध्येही '४' अगदी थोडा असेल तर काही निवडक लोकांना डॉक्टर हा पर्याय देतात. म्हणूनच स्लाइडवाली ताईंचा सल्ला सगळ्यात आधी पाळावा.

---

निसर्गमार्गी

माझ्या परिचयात एक वैद्य आहेत, त्यांच्या काढ्याने पीएसए १२ वरून ५ वर आला. रेडिएशनच्या आधी तीन महिने देऊन पाहा, हरकत काय?

---

स्लाइडवाली

हरकत आहे. पीएसए प्रोस्टेटला सूज किंवा जंतुसंसर्ग असला तरी वाढतो आणि सूज उतरली की आपोआप खाली येतो. आकडा उतरला याचा अर्थ कॅन्सर गेला असा होत नाही. प्रोस्टेट वाढू नये म्हणून देतात त्या काही गोळ्यांनीही पीएसए निम्म्यावर येतो आणि दिशाभूल होते. काढ्यात काय आहे हे कळत नाही, आणि या बाबांची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. डॉक्टरांना न सांगता काहीही पोटात जाऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

---

तर्रीप्रेमी

फार गंभीर चर्चा चालू आहे, मधातच एक प्रश्न. शेक चालू असताना तर्री पोहे चालतात का? माझे सासरे पुढच्या आठवड्यात सुरू करून राहिले आणि घरात सगळ्यात मोठी काळजी हीच आहे.

---

धंतोली_आजोबा

पोहे चालतात, तर्री नाही! चणे, कोबी, राजमा, दूध यांनी गॅस होते आणि गॅस झाला की गुदाशय फुगते, प्रोस्टेट सरकते, मग टेबलावरून उतरा. सावजी तं विचारूही नका. मी शेक संपल्यावर सव्वा महिन्याने पहिली प्लेट खाल्ली, बाकावरचे चौघेही सोबत होते.

---

किरणमापी

मी रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करतो. कोणत्या रुग्णालयात ते सांगत नाही, पण आमचं रोजचं काम हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीनल, आधी आईंच्या भीतीबद्दल. जुन्या कोबाल्ट मशीनचे किरण कमी ताकदीचे असतात. मात्रेचा बराच वाटा कातडीजवळच पडायचा आणि बीमला ट्यूमरचा आकार देणं कठीण होतं. शिवाय छातीच्या शेकात कातडीच उपचाराच्या क्षेत्रात येते. प्रोस्टेट ओटीपोटात खोल बसलेली ग्रंथी आहे. आजच्या लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवर आयएमआरटी किंवा व्हीमॅट पद्धतीने किरण अनेक कोनांतून येतात, प्रत्येक कोनातून थोडे थोडे, आणि पूर्ण मात्रा आत प्रोस्टेटवरच एकत्र होते. कातडी काळी पडण्याचा प्रश्न इथे जवळजवळ येत नाही. आईंना एकदा विभागात घेऊन जा, मशीन दाखवायला सांगा. बहुतेक ठिकाणी आनंदाने दाखवतात.

वीस सिटिंगबद्दल लोकांना शंका असते की जास्त सिटिंग म्हणजे जास्त चांगलं. तसं नाही. पूर्वी ३७ सिटिंगमध्ये ७४ ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं माप) देत. इंग्लंडच्याच चिप या अभ्यासात २० सिटिंगमध्ये ६० ग्रे हा उपचार त्याच्या तोडीचा निघाला, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आता त्याहून पुढे, पाच सिटिंगचा एसबीआरटी आहे. पेस-बी अभ्यासात पाच सिटिंगच्या गटात पाच वर्षांनी कॅन्सर आटोक्यात असल्याचं प्रमाण ९५.८ टक्के होतं आणि नेहमीच्या पद्धतीत ९४.६. तुमच्या बाबांसारखे रुग्णच त्यात होते. पण पाच सिटिंगमध्ये दरवेळची मात्रा मोठी असते, म्हणून जिथे हे नेहमी करतात तिथेच करावं. लघवीची धार आधीच फार अडत असेल किंवा ग्रंथी खूप मोठी असेल तर डॉक्टर सावध राहतात.

विचारायचे प्रश्न सांगतो. रोज उपचाराआधी मशीनवरच स्कॅन काढून जागा जुळवता का? प्रोस्टेट रोज काही मिलिमीटर हलते, त्यामुळे हे फार महत्त्वाचं. मूत्राशय आणि गुदाशयाला किती मात्रा जाणार आहे, तो आलेख समजावून सांगाल का? हार्मोनचं इंजेक्शन लागणार का, आणि का? सौम्य मध्यम धोक्यात बहुधा लागत नाही, वरच्या गटात चार ते सहा महिने देतात. त्याने घामाचे लोट येतात, स्नायू सैल पडतात, शुगर वाढू शकते, आणि हृदयरोग असलेल्याला ते जपूनच द्यावं लागतं. गुदाशय आणि प्रोस्टेटमध्ये जेल भरून अंतर वाढवण्याची सोय आहे का, आणि बाबांना त्याची खरंच गरज आहे का? आतड्याचा जुना दाहाचा आजार असेल, आधी त्या भागाला शेक दिलेला असेल, तर आवर्जून सांगा. तिथे रेडिएशनचा बेतच बदलू शकतो.

आणि जी.आर.सारखा एक नियम मनात ठेवा : पेशंट उपचारानंतर किरणोत्सर्गी होत नाही. नातवंडाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही. ब्रेकीथेरपीत, म्हणजे आतून दिलेल्या शेकात, किरणोत्सर्गी बिया कायमच्या ग्रंथीत ठेवल्या तर काही आठवडे लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून थोडं अंतर सांगतात. बाहेरून दिलेल्या शेकात तसं काहीच नाही.

---

मुंबईकर_मूळ_अकोला

माझं स्पष्ट मत, परळला टाटामध्ये जा. १९४१ पासूनचा अनुभव आहे. प्रोटॉन किरणांचा शेकही खारघरला आहे आता. विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई.

---

स्पष्टवक्ता

एका मतासाठी टाटा, जरूर. टाटाचं ऑनलाइन मतही घेता येतं, कागद पाठवून. पण चार आठवडे रोजच्या सिटिंगसाठी ६८ वर्षांच्या माणसाने मुंबईत खोली घ्यायची, दुपारी थकवा, रात्री चारदा उठणं, आई नागपुरात, हे का करायचं? नागपुरात जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मानेवाड्याला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, मिहानला एम्स आहे, खाजगी केंद्रंही आहेत. आणि सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये प्रोटॉन हा साध्या आधुनिक रेडिएशनपेक्षा सरस असल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही. नावासाठी धावू नये.

---

रामटेकची_सून

यावर माझं दुमत नाही. आम्ही मत मुंबईचं घेतलं, ऑपरेशन इथे केलं. पाहुण्यांचं घर कितीही मायेचं असलं तरी आपला संडास आपला असतो, या आजारात ते फार जाणवतं.

---

गोरेवाडा

पैशाचं कोणी लिहिलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, पण सगळ्या रुग्णालयांत आणि सगळ्या पद्धती बसत नाहीत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन. बाबा राज्य सरकारचे निवृत्त आहेत, त्यांच्या पात्रतेचं तिथेच तपासून घ्या. माझ्या वडिलांच्या वेळी एका खाजगी दवाखान्यात आधी पैसे भरून घेतले आणि मग म्हणाले योजना आता लागू होणार नाही. मंजुरी हातात आल्याशिवाय सिटिंग सुरू करू नका.

---

स्मिता_प्रतापनगर

इतके प्रतिसाद वाचले आणि एका गोष्टीवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते. मी समुपदेशक आहे, कॅन्सरच्या कुटुंबांसोबत काम करते.

नवरा-बायकोचे शरीरसंबंध. ६८ वर्षांच्या माणसाला तो विषय संपलेलाच असेल असं मुलं गृहीत धरतात. नसतो. प्रोटेक्टमध्येच पाहिलं तर सुरुवातीला ६७ टक्के पुरुषांना ताठरता येत होती. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात १२ टक्के उरले, रेडिएशनच्या गटात २२, लक्ष ठेवलेल्यांत ५२. सहा वर्षांनी ते आकडे १७, २७ आणि ३० असे जवळ आले, कारण वयही आपलं काम करतं. पॅड वापरणारे सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात ४६ टक्के, रेडिएशनच्या गटात ५. सहा वर्षांनी १७ आणि ४. रेडिएशनचा त्रास जास्त करून शौचाच्या बाजूने असतो.

जगण्याची शक्यता तिन्ही मार्गांत जवळपास सारखी असेल, तर निर्णय याच गोष्टींवर येऊन ठेपतो. कोणता त्रास मी सोसू शकतो आणि कोणता नाही, हे ज्याचं शरीर आहे त्यालाच कळतं. मीनल, बाबा 'तुम्ही ठरवा' म्हणतात याचा अर्थ त्यांना मत नाही असा मला वाटत नाही. लेकीसमोर बोलता येत नसेल. तुम्ही खोलीबाहेर जा. त्यांना डॉक्टरांसोबत एकटं बसू द्या, आणि मग आई-बाबांना दोघांनाच.

---

धंतोली_आजोबा

स्मिताताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मला कोणी विचारलं नव्हतं. मीच शेवटी तोंड उघडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळी आहे ना त्यासाठी. पण मीनल, नायट्रेटची (छातीत दुखण्यावरची) गोळी चालू असलेल्या हृदयरोग्याला ती औषधं अजिबात चालत नाहीत, बाबांच्या बाबतीत हे लक्षात असू दे.

---

मीनल_त्रिमूर्तीनगर

सगळ्यांना उत्तर देते, उशीर झाला. तुम्ही सांगितलं तसं एकेक केलं.

स्लाइड्स दुसरीकडे दाखवल्या. ३+४ कायम राहिला, '४' साधारण पंधरा टक्के. गाठ एकाच बाजूला, कवचाच्या आत. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन अशक्य नाही, पण टाळता आलं तर त्यांना बरं वाटेल. किरणमापी दादा, आईला विभागात घेऊन गेले. तंत्रज्ञ मुलीने तिला मशीन दाखवलं, स्क्रीनवर प्लॅन दाखवला. आईने तिला विचारलं, "कातडी?" ती म्हणाली, "काकू, काही नाही होत हो." आई घरी येऊन पहिल्यांदा नीट जेवली.

स्मिताताई, मी खोलीबाहेर थांबले. बाबा आत बराच वेळ होते. त्यांनी हा सगळा धागा वाचला आहे, खालचं त्यांनीच सांगितलं, मी टंकलं :

"नमस्कार. मी मीनलचा बाप. धरणावर काम केलं, आकड्यांची सवय आहे, म्हणून आकडे वाचून बरं वाटलं. मला पॅड लावून फिरायचं नाही. गावी शेतावर जातो, तिथे सोय नसते. शौचाचा थोडा त्रास झाला तर चालेल. काही न करता वाट पाहणं मला जमणार नाही, रोज रात्री तोच विचार येईल. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, रागावला आहे, त्याला मी समजावतो. वीस सिटिंगचा शेक नागपुरातच घ्यायचा असं माझं मत झालं आहे. पाच सिटिंगचं विचारलं, पण मला लघवीची अडचण आधीच आहे, म्हणून डॉक्टर वीसच म्हणाले. हार्मोनचं इंजेक्शन नको म्हणाले. आजोबांना नमस्कार, बाकावर कोणी भेटलं तर तुमचं नाव सांगेन."

---

धंतोली_आजोबा

नमस्कार साहेब! डोळे भरून आले. पहिल्या दिवशी कळवा, मी आणि बाकावरचे दोघं चहाला येतो. चहा तुम्ही शेकानंतरच घ्यायचा.

---

अंबाझरीचा_वारा

विचार करून घेतलेला निर्णय आहे, आनंद वाटला. काकांना माझा नंबर द्या हवं तर, मी बोलतो. त्यांचं म्हणणं ३+३ साठी बरोबरच आहे.

---

मीनल_त्रिमूर्तीनगर

एक शेवटचा प्रश्न. शेक संपल्यावर पीएसए शून्य व्हायला हवा ना? नाही झाला तर काय समजायचं?

---

किरणमापी

नाही, आणि यावरून घरोघरी विनाकारण रडारड होते. ऑपरेशननंतर ग्रंथीच उरत नाही, म्हणून पीएसए दोन महिन्यांत जवळजवळ शून्यावर येतो. रेडिएशननंतर ग्रंथी जागेवरच असते, पेशी हळूहळू मरतात, त्यामुळे आकडा दीड-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ उतरत राहतो. मधेच एखाद्या वेळी थोडा वर जाऊन पुन्हा खाली येतो, त्याला उसळी म्हणतात, ती बऱ्याच जणांत दिसते. सर्वांत खाली गेलेला आकडा लिहून ठेवा. त्याच्यावर २ ने वाढला तर कॅन्सर परतल्याचा संशय घेतात. बाबांचा आकडा उतरून ०.५ वर आला, तर २.५ ही ती रेषा. पहिला पीएसए साधारण तीन महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तसं. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये द्या.

---

स्लाइडवाली

आणि लघवीचा संसर्ग चालू असताना किंवा कॅथेटर नुकताच काढला असताना पीएसए देऊ नका, आकडा खोटा वाढून येतो.

---

तर्रीप्रेमी

सासऱ्यांचं आज सुरू झालं. पहिल्याच दिवशी पाणी कमी पडलं म्हणून टेबलावरून उतरवलं, दुसऱ्या खेपेला झालं. मीनलताई, बाबांना कोणत्या वेळेची सिटिंग दिली आहे? सकाळची असेल तर दोघांना ओळख करून देऊ.